गार्देल यांचा जन्म कुठला? एका चरित्रनोंदीच्या पडताळणीचे प्रकरण

कार्लोस गार्देल हे टँगो गायनातील सर्वांत मोठे नाव. २४ जून १९३५ रोजी कोलंबियातील मेदेयिन येथे विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा दक्षिण अमेरिकेत त्यांच्याइतका लोकप्रिय गायक दुसरा नव्हता. अशा माणसाची तीनशे शब्दांची चरित्रनोंद मराठीत तयार करणे वरवर पाहता सोपे वाटते. प्रत्यक्षात काम पहिल्या ओळीतच अडते, कारण नावापुढच्या कंसात जन्माचे साल आणि गाव कोणते घालायचे याबद्दल स्वतः गार्देल यांनीच दोन वेगवेगळी उत्तरे देऊन ठेवली आहेत.

पहिले उत्तर ८ ऑक्टोबर १९२० चे आहे. त्या दिवशी ब्युनोस आयर्समधील उरुग्वेच्या वाणिज्य दूतावासात जाऊन त्यांनी उरुग्वेचे नागरिक म्हणून आपली नोंद करून घेतली. जन्म ताक्वारेम्बो गावी, ११ डिसेंबर १८८७ रोजी. वडील कार्लोस गार्देल, आई मारिया गार्देल. दोघेही उरुग्वेचे आणि दोघेही मयत, असा तपशील त्यात आहे. दुसरे उत्तर ७ नोव्हेंबर १९३३ रोजी स्वहस्ताक्षरात लिहिलेल्या मृत्युपत्रातले. त्यात आपण फ्रेंच असून ११ डिसेंबर १८९० रोजी तुलूज येथे जन्मलो, बेर्त गार्द यांचे आपण पुत्र, खरे नाव शार्ल रोम्युआल्द गार्द, आणि कार्लोस गार्देल हे कलेच्या व्यवसायासाठी घेतलेले नाव, असे ते सांगतात. देश बदलला, गाव बदलले, साल तीन वर्षांनी सरकले आणि १९२० च्या कागदावर मयत असलेली आई १९३३ मध्ये हयात निघाली. ११ डिसेंबर हा दिवस मात्र दोन्हीकडे कायम आहे. खोटी जन्मतारीख सांगणारा माणूस पुष्कळदा दिवस-महिना तसाच ठेवून फक्त साल बदलतो, कारण वाढदिवस मित्रमंडळींना ठाऊक असतो आणि बोलताना जीभ घसरण्याचा धोका राहत नाही. याला पुरावा म्हणता येणार नाही; पण दोन्ही कागद एकाच माणसाबद्दल बोलत आहेत, एवढी खूण त्यातून पटते.

हे प्रकरण निव्वळ दप्तरी कुतूहलाचे राहिलेले नाही. गार्देल आमचे, असे फ्रान्स, उरुग्वे आणि अर्जेंटिना हे तिन्ही देश म्हणतात. ताक्वारेम्बोजवळ वाये एदेन येथे त्यांचे संग्रहालय आहे, तुलूजमध्ये कानों दार्कोल रस्त्यावर स्मृतिफलक आहे, ब्युनोस आयर्सच्या आबास्तो भागातील त्यांचे राहते घर संग्रहालय झाले आहे आणि अर्जेंटिनाचा राष्ट्रीय टँगो दिन ११ डिसेंबरला, गार्देल आणि वादक-संगीतकार खुलियो दे कारो या दोघांच्या वाढदिवशी, साजरा होतो. अभिमान गुंतला की पडताळणी करणाऱ्यासमोर कागदांचा ढीग वाढतो आणि त्यातला कोणता कागद मूळचा, हे सांगणे कठीण होते.

उरुग्वेची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गार्देल यांच्या हयातीतील जवळजवळ सर्व अधिकृत कागदपत्रे त्या बाजूची आहेत. दूतावासातील नोंदीनंतर त्याच वर्षी अर्जेंटिनाचे ओळखपत्र निघाले, १९२३ मध्ये त्यांनी अर्जेंटिनाचे नागरिकत्व घेतले, पुढे पासपोर्ट मिळाला आणि प्रत्येक ठिकाणी जन्मस्थळ म्हणून ताक्वारेम्बोच लागले. वृत्तपत्रांशी बोलतानाही त्यांनी अनेकदा आपण उरुग्वेचे असल्याचे सांगितले. १९३३ च्या ऑक्टोबरात पायसांडू शहरातील ‘एल तेलेग्राफो’ या दैनिकाशी बोलताना त्यांनी ताक्वारेम्बोचे नाव घेतले, ते मृत्युपत्र लिहिण्याच्या जेमतेम पंधरवडा आधी. १९६० च्या दशकात एरास्मो सिल्वा काब्रेरा या पत्रकाराने ‘आव्लिस’ या नावाने (सिल्वा हे आडनाव उलटे वाचले की होते ते) या दाव्याला चरित्राचे रूप दिले आणि नेल्सन बायार्दो, एदुआर्दो पायसे गोन्सालेस आदींनी तो पुढे नेला. त्यांच्या मांडणीनुसार गार्देल हे ताक्वारेम्बोचे वजनदार लष्करी अधिकारी कर्नल कार्लोस एस्कायोला यांचे, पत्नीच्या अल्पवयीन बहिणीपासून झालेले अपत्य. बदनामी टाळण्यासाठी मूल दूर ठेवले गेले आणि बेर्त गार्द यांनी ते वाढवले. बेर्त यांचा स्वतःचा मुलगा शार्ल हा निराळा, असेही त्यांचे म्हणणे आहे.

आता या कागदांकडे पाहण्याची पद्धत. ओळखपत्र, नागरिकत्वाची कागदपत्रे, पासपोर्ट असा सगळा संच समोर आला की इतके सरकारी शिक्के खोटे कसे असतील, असे मनात येते. पण प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायचा असतो: यातली माहिती कारकुनाला कोणी दिली आणि कशाच्या आधारावर? १९२३ चे कागद १९२० च्या कागदावर उभे आहेत, पासपोर्ट त्या कागदांवर उभा आहे, आणि १९२० च्या नोंदीखाली पाहिले तर तिथे ताक्वारेम्बोचा जन्मदाखला नाही. अर्जदाराने केलेले निवेदन, एवढाच त्याचा पाया आहे. महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे गावोगाव भेटतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे जाते, आणि दहा सरकारी कागदांवर ती सापडली म्हणून तिचा खरेपणा दसपट होत नाही. गार्देल यांच्या उरुग्वेच्या कागदांचे नेमके तेच आहे. कागद अनेक असले, तरी साक्ष एकच आहे, आणि ती तिशीच्या आसपासच्या एका माणसाने स्वतःच्या जन्माबद्दल, ऑक्टोबर १९२० मध्ये, काही गरजेपोटी दिलेली आहे.

ती गरज काय होती, हे काळाकडे पाहिले की उलगडते. फ्रान्समध्ये १८९० साली जन्मलेल्या पुरुषाला विसाव्या वर्षी लष्करी सेवेसाठी हजर व्हावे लागे आणि १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर तर त्या वयाची अख्खी पिढी आघाडीवर गेली. ब्युनोस आयर्समध्ये वाढलेला, होसे रासानो या गायकाच्या जोडीने नुकता नावारूपाला येत असलेला गायक त्या हाकेला गेला नाही. फ्रेंच कायद्याच्या दृष्टीने असा माणूस सेवा टाळणारा गुन्हेगार ठरे. फ्रेंच म्हणून कागद मागायला जावे तर हाच प्रश्न पुढे येणार, आणि कागदाशिवाय परदेश दौरे करता येणार नाहीत, अशी कोंडी होती. १९२० ची नोंद, १९२३ चे नागरिकत्व आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्पेनचा पहिला दौरा, हा क्रम पाहिला म्हणजे प्रत्येक कागद कशासाठी काढला गेला हे वेगळे सांगावे लागत नाही. पुढे १९२८ पासून पॅरिसच्या रंगमंचावर गायचे ठरले तेव्हा तर उरुग्वेचा जन्म ही त्यांच्यासाठी ढालच झाली. मुलाखतींतील विधानांचे मोलही याच हिशेबाने करावे लागते: पासपोर्टवर जे लिहिले आहे त्याच्या उलट वृत्तपत्रात बोलणे त्यांना परवडणारे नव्हते.

उरुग्वेच्या मांडणीची खरी अडचण मला आणखी एका ठिकाणी दिसते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. ज्या १९२० च्या नोंदीवर ही मांडणी भिस्त ठेवते, तीच नोंद आईवडिलांच्या रकान्यात तिला मान्य नाही. नोंदीत वडील कार्लोस गार्देल आहेत, कर्नल एस्कायोला नाहीत. आई मारिया गार्देल आहे, एस्कायोलांच्या मेव्हणीचे आडनाव ओलिव्हा होते. म्हणजे एकाच कागदातील गाव खरे, आईवडील खोटे, अशी निवड करावी लागते आणि ती निवड कोणत्या आधारावर केली हे सांगणारा समकालीन दस्तऐवज पुढे येत नाही. खोटे बोलल्याची कबुली अर्ध्या कागदापुरती द्यायची आणि उरलेला अर्धा कागद पुरावा म्हणून वापरायचा, हे न्यायालयात चालत नाही आणि चरित्रनोंदीतही चालू नये.

फ्रेंच बाजूची साखळी लहान आहे, पण तिच्या कड्या वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांनी आणि मुख्य म्हणजे गार्देल प्रसिद्ध होण्याच्या आधी तयार केलेल्या आहेत. तुलूजच्या ला ग्राव्ह रुग्णालयात ११ डिसेंबर १८९० रोजी शार्ल रोम्युआल्द या मुलाचा जन्म झाल्याची नागरी नोंद आहे. आई बेर्त गार्द, वडील अज्ञात. १८९३ च्या मार्चमध्ये ‘डॉन पेद्रो’ या जहाजातून ब्युनोस आयर्सला उतरलेल्या प्रवाशांत बेर्त गार्द आणि तिचा दोन वर्षांचा मुलगा शार्ल यांची नावे आहेत. बाईने आपण विधवा असल्याचे आणि कपड्यांना इस्त्री करण्याचा आपला व्यवसाय असल्याचे लिहवले आहे. विधवा हा शब्द खरा नव्हता. अविवाहित आईने परक्या बंदरावर मूल कडेवर घेऊन उतरताना तो उच्चारला, यात आश्चर्य नाही. आणि पडताळणीच्या दृष्टीने त्याचा उपयोग असा की, याही कागदात कोणता रकाना सांगणाऱ्याच्या सोयीचा आणि कोणता सोयीबाहेरचा, हे वेगळे करता येते. वैवाहिक स्थिती लपवण्यात तिचा फायदा होता. मुलाचे वय किंवा नाव बदलण्यात काहीच नव्हता. १९०४ मध्ये घरातून निघून गेलेला चौदा वर्षांचा, ‘गार्देस’ (गार्द या आडनावाचा स्पॅनिश उच्चार) आडनावाचा फ्रेंच मुलगा ब्युनोस आयर्स शहराबाहेरील फ्लोरेन्सियो वारेला येथे पोलिसांना सापडल्याची नोंद याच साखळीतली आहे. एवढ्या वर्षांनी कुणी चरित्रकार हे वाचणार आहे, याची त्या जहाजावरील किंवा पोलिस चौकीतील कारकुनाला कल्पनाही नव्हती.

इथे एक प्रामाणिक आक्षेप उरतो. शार्ल गार्द नावाचा मुलगा तुलूजला जन्मला आणि अर्जेंटिनात आला हे सिद्ध झाले, तरी तोच पुढे कार्लोस गार्देल झाला हे त्यातून सिद्ध होत नाही. अशा पडताळणीत जन्मदाखला सापडला की काम संपले असे मानण्याची घाई होते. दाखला आणि माणूस यांना जोडणारा दुवा मात्र स्वतंत्रपणे दाखवावा लागतो. हा दुवा बेर्त गार्द आहेत. गायक म्हणून नाव झाल्यावर गार्देल आणि बेर्त आई-मुलगा म्हणून उघडपणे एकत्र राहत होते. १९२७ मध्ये घेतलेल्या आबास्तोतील घरात त्याच राहत असत. युरोपच्या दौऱ्यांत गार्देल तुलूजला जाऊन आईच्या नातेवाइकांना भेटले. अपघाताच्या वेळी बेर्त तुलूजमध्ये आपल्या भावाकडे होत्या आणि पुत्राच्या मृत्यूची बातमी त्यांना तिथे कळली. १९४३ मध्ये त्या वारल्या. ब्युनोस आयर्सच्या चाकारिता दफनभूमीत मायलेक एकाच ठिकाणी आहेत. दोन मुलांची कल्पना उचलून धरायची, तर बेर्त यांच्या पोटच्या मुलाचे पुढे काय झाले हे कागदानिशी दाखवण्याची जबाबदारी ती मांडणाऱ्यांवर येते.

मृत्युपत्राचे वजन किती धरायचे, याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. फ्रेंच बाजूचे अभ्यासक त्याला निर्णायक मानतात. उरुग्वेच्या बाजूने ते बनावट असल्याचा, मालमत्ता बेर्त यांच्या हाती यावी म्हणून गार्देल यांचे कारभारी आर्मांदो देफिनो यांनी ते घडवल्याचा आरोप झाला. वारसाहक्काचे काम याच मृत्युपत्राच्या आधारे पुरे झाले, हे आरोपाच्या विरुद्ध जाते. तरीही मृत्युपत्र निरपेक्ष कागद नव्हे. गार्देल यांच्या अधिकृत कागदांवर त्यांची आई मृत होती. म्हणजे दौऱ्यावर असताना त्यांचे काही बरेवाईट झाले असते, तर कायद्यासमोर बेर्त परक्या ठरल्या असत्या. त्यामुळे १९३३ मध्ये सत्य लिहून ठेवण्यातही त्यांचा हेतू होता. शिवाय मृत्युपत्र मरणानंतरच उघडते, तेव्हा सेवा टाळल्याची आणि खोट्या कागदांची कबुली देण्याची किंमत लिहिणाऱ्याला मोजावी लागत नाही. म्हणून मृत्युपत्राचे खरे बळ हस्ताक्षरात शोधू नये. त्यातील नाव, दिवस, साल, गाव आणि आई हे पाचही तपशील ४३ वर्षांपूर्वी तुलूजमध्ये कुणा दुसऱ्याने लिहिलेल्या नोंदीशी तंतोतंत जुळतात, यात ते बळ आहे. ते मृत्युपत्र उद्या पुराव्यातून काढून टाकले, तरी १८९० आणि १८९३ चे कागद आणि आई-मुलाचे उघड नाते एवढ्यावरही निष्कर्ष बदलत नाही. उलट १९२० ची नोंद काढून टाकली तर उरुग्वेच्या बाजूला जन्माबद्दलचा एकही समकालीन कागद उरत नाही.

कारकिर्दीच्या तपशिलांत इतके नाट्य नाही, पण तिथेही दोन-तीन ठिकाणी हात आखडता घ्यावा लागतो. ‘पहिला टँगो गाणारा’ हे बिरुद सर्रास लावले जाते. शब्द असलेले टँगो त्यांच्या आधीही गायले जात होते. खात्रीने म्हणता येते ते इतकेच की सामुएल कास्त्रिओता यांच्या चालीवर पास्क्वाल कोन्तुर्सी यांनी लिहिलेले ‘मि नोचे त्रिस्ते’ गार्देल यांनी १९१७ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि सोडून गेलेल्या प्रेयसीची व्यथा सांगणाऱ्या टँगो-गीताचा साचा तिथून रूढ झाला. त्याआधी त्यांची ओळख ग्रामीण ढंगाची गाणी गाणारा अशी होती. पहिल्या ध्वनिमुद्रणाचे साल चरित्रांमध्ये १९१२ आढळते, तर युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत २००३ साली दाखल झालेल्या ओरासियो लोरिएन्ते संग्रहाच्या शीर्षकात १९१३ ते १९३५ असा कालखंड आहे. गाणे मुद्रित होणे आणि तबकडी विक्रीला येणे या दोन वेगळ्या तारखा असतात, म्हणून नोंदीत ‘१९१२-१३ च्या सुमारास’ असे लिहिणे बरे. हा संग्रह युनेस्कोकडे उरुग्वेने पाठवला, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. तबकड्या कुणी जपल्या याचा गायक कुठे जन्मला याच्याशी संबंध नाही, पण बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची गल्लत होते.

संगीतकार म्हणून श्रेय देतानाही शब्द जपून वापरावेत. १९३४-३५ मध्ये न्यूयॉर्कला पॅरामाउंटसाठी केलेल्या चित्रपटांतील ‘एल दिया के मे किएरास’ आणि ‘पोर उना काबेसा’ या गाण्यांचे शब्द आल्फ्रेदो ले पेरा यांचे आणि चाली गार्देल यांच्या. त्यांना स्वरलिपी लिहिता येत नव्हती, चाल गुणगुणून दाखवायची आणि सोबतच्या संगीतकारांनी ती उतरून घ्यायची असा क्रम असे. त्याने चालीचे श्रेय कमी होत नाही. वाद्यसंयोजन मात्र त्यांच्या नावावर टाकू नये. याच चित्रपटांपैकी एकात वृत्तपत्र विकणाऱ्या पोराच्या भूमिकेत दिसणारा मुलगा म्हणजे पुढे टँगो-संगीतकार म्हणून विख्यात झालेले आस्तोर पियासोया, ही गोष्ट मात्र दंतकथेसारखी वाटत असूनही खरी आहे.

मृत्यूबद्दलच्या अफवांपैकी एकीचा उलगडा कागदोपत्री होतो, म्हणून तिची दखल घ्यावी. मेदेयिनच्या धावपट्टीवर गार्देल यांचे फोर्ड बनावटीचे तीन इंजिनांचे विमान दुसऱ्या तशाच विमानावर आदळले. ले पेरा आणि गिटारवादक गिल्येर्मो बार्बिएरी त्यात मरण पावले, होसे मारिया आगिलार वाचले. मृतदेहात बंदुकीची गोळी सापडल्याने विमानात गोळीबार झाल्याची कहाणी पसरली. ती गोळी १९१५ च्या डिसेंबरात, वाढदिवसाच्या रात्री, ब्युनोस आयर्समधील भांडणात लागलेली होती आणि डॉक्टरांनी ती फुप्फुसातून न काढता तशीच ठेवली होती. एक वैद्यकीय तपशील वीस वर्षे आधीच्या घटनेशी जोडला नाही, तर सनसनाटी निष्कर्ष किती सहज निघतो याचे हे उदाहरण आहे.

हा सगळा विचार झाल्यावर नोंदीची पहिली ओळ अशी होते: ‘गार्देल, कार्लोस (मूळ नाव शार्ल रोम्युआल्द गार्द, ११ डिसेंबर १८९०, तुलूज, फ्रान्स – २४ जून १९३५, मेदेयिन, कोलंबिया): फ्रान्समध्ये जन्मलेले अर्जेंटिनाचे टँगोगायक, संगीतकार, रासानो व ले पेरा यांचे सहकारी, चित्रपट अभिनेते.’ तिच्यामागोमाग एक वाक्य हवे: ‘१९२० नंतरच्या त्यांच्या अधिकृत कागदपत्रांत ताक्वारेम्बो, उरुग्वे, १८८७ असा जन्म नोंदलेला आहे; ही नोंद त्यांच्या स्वतःच्या निवेदनावर आधारलेली होती.’ दोन्ही जन्मस्थळे कंसात तिरकी रेघ देऊन शेजारीशेजारी छापणे मला पटत नाही, कारण त्यामुळे दोन्ही बाजूंचे पुरावे तुल्यबळ असल्याचा भास होतो. उरुग्वेचा दावा गाळणेही चुकीचे, कारण तो दावा, त्यामागचे कारण आणि त्यातून उभे राहिलेले संशोधन हे सारे गार्देल यांच्या चरित्राचाच भाग आहे. वडिलांच्या रकान्यात जन्मनोंदीप्रमाणे ‘अज्ञात’ असेच राहील. पॉल लासेर हे नाव फ्रेंच बाजूच्या संशोधनात येते, ते पुढील मजकुरात संशोधकांचे म्हणणे म्हणून घालता येईल. आणि १९२३ चे अर्जेंटिनाचे नागरिकत्व खोट्या जन्मतपशिलावर मिळालेले असले, तरी ते मिळाले होते आणि मृत्यूपर्यंत कायम होते, म्हणून राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात अर्जेंटिना लिहावे.